इंजिनीअरिंगचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: कोकणातल्या मुलांसाठी, विषयापासून ब्लॅक बुकपर्यंत

दरवर्षी जानेवारीत एखादा तरी गट माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "सर, दरड कोसळण्याची आगाऊ सूचना देणारी सिस्टीम करायची आहे." विषय चांगला असतो आणि मुलांची तळमळ खरी असते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. तो दिवस या मुलांनी घरात बसून अनुभवलेला असतो. पण जानेवारीत आठवं सत्र सुरू झालेलं असतं, एप्रिलमध्ये सबमिशन असतं आणि पाऊस येणार जूनमध्ये. सिस्टीमला खरा पाऊस दाखवताच येत नाही. शेवटी ट्रेमध्ये माती भरून, ती तिरकी करून, झारीने पाणी घालून डेमो होतो. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतात, "डोंगरावर हे चालेल का?" आणि चारही जण एकमेकांकडे बघतात.

हाच विषय या गटाने आदल्या जूनमध्ये घेतला असता, तर चार महिन्यांचा खरा डेटा हातात असता. मी कोकणातल्या एका कॉलेजात शिकवतो आणि बरीच वर्षं प्रोजेक्टचा गाईड म्हणून काम करतो. माझ्या पाहण्यात हुशारी कमी पडली म्हणून फार थोडे प्रोजेक्ट अडतात. बहुतेक अडतात ते मोजायला उशिरा सुरुवात केल्यामुळे. म्हणून पुढचं सगळं एकाच आग्रहाने लिहिलं आहे: काही बनवायच्या आधी मोजा आणि मोजण्याचा हंगाम चुकवू नका.

कॅलेंडर आधी, विषय नंतर

सहाव्या सत्राची परीक्षा संपली की एक भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि त्यावर तीन रंगांनी खुणा करा.

पहिला रंग कॉलेजचा. बहुतेक अभ्यासक्रमांत प्रोजेक्ट सातव्या आणि आठव्या सत्रात विभागलेला असतो. सातव्यात विषय, सायनॉप्सिस (प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा) आणि प्राथमिक काम, आठव्यात बांधणी, चाचण्या, ब्लॅक बुक (काळ्या बाइंडिंगचा छापील अहवाल) आणि व्हायवा (तोंडी परीक्षा). दोन्हीकडच्या रिव्ह्यूच्या तारखा विभागातून मागून घ्या.

दुसरा रंग आपल्या माणसांचा. गणपतीत इथलं कॉलेज जवळजवळ रिकामं होतं. गौरी-गणपती धरून दहा-बारा दिवस कामाचे धरूच नका. दिवाळीची सुट्टी, मग मार्चमध्ये शिमगा. पालखी घरी येणार त्या दिवशी कोणी लॅबमध्ये थांबणार नाही, थांबूही नये. हे दिवस आधीच कापले की उरलेले किती ते दिसतं, आणि ते वाटतात त्यापेक्षा बरेच कमी निघतात.

तिसरा रंग निसर्गाचा. पाऊस जून ते सप्टेंबर. पूर, दरड, पाणलोट, छपरावरचं पाणी, वीज पडणं यातला कोणताही विषय असेल तर डेटा याच महिन्यांत गोळा होणार. काजू बी साधारण फेब्रुवारीपासून मे पर्यंत. हापूसचा भर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमका तुमच्या सबमिशनच्या तोंडावर. कोकमाचंही तेच. समुद्रातली यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणजे होडीवर काही बसवून बघायचं असेल तर ऑगस्टनंतर. विहिरीत खारं पाणी शिरण्याचा त्रास एप्रिल-मेमध्ये टोकाला जातो, पावसात तीच विहीर गोड असते.

आंब्याचा विषय अजिबात घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्यायचा असेल तर तिसऱ्या वर्षाच्या एप्रिल-मेमध्येच एक हंगाम फोटो, वजनं, तापमानाच्या नोंदी करून ठेवा आणि दुसऱ्या हंगामातल्या मार्चच्या पहिल्या फळांवर चाचणी करा. एकाच हंगामाच्या भरवशावर राहिलात आणि त्या वर्षी मोहोर उशिरा आला, की प्रोजेक्टही उशिरा.

विषय शोधायला कुठे जायचं

इंटरनेटवरच्या "टॉप १०० प्रोजेक्ट्स"च्या यादीतून विषय उचलू नका. त्या यादीतला स्मार्ट डस्टबिन दरवर्षी तीन गट करतात आणि तिन्ही ब्लॅक बुकमधला पहिला परिच्छेद सारखा असतो. त्याऐवजी आठवडाभर फिरा. काजूच्या कारखान्यात जा. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीवर जा. बर्फाच्या कारखान्यात, बंदरावर, गावातल्या नळपाणी योजनेच्या पंपहाउसवर जा. लोटे परशुराम, मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीत कोणी ओळखीचं असेल तर तिथल्या मेंटेनन्सच्या माणसाला भेटा, मॅनेजरला नंतर. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणातल्या पिकांवर काम करतं आहे, वेंगुर्ल्यात त्यांचं फळ संशोधन केंद्र आहे. शेतीशी संबंधित विषय असेल तर तिथे आधी काय झालंय ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जाताना "आम्ही तुमच्यासाठी काय बनवू?" असं विचारू नका, समोरचा माणूस संकोचतो. "दिवसात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? नुकसान कशात होतं? ते किती, तुम्ही कसं मोजता?" असं विचारा. देवगडकडच्या एका बागायतदार काकांपुढे आमच्या मुलांनी ड्रोन, ॲप, डॅशबोर्ड असं बरंच काही मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झिला, आंबो कापल्याशिवाय आत साको आसा काय ता माका सांग. बाकीचा माका काय्येक नको." वरून देखणं दिसणारं हापूसचं फळ आतून साक्याने खराब निघतं, हे पेटी उघडणाऱ्या गिऱ्हाइकालाच कळतं आणि नाव बागायतदाराचं जातं. त्या एका वाक्यात वर्षभराचं काम होतं.

असं वाक्य मिळालं की त्याचा एक प्रश्न बनवा. प्रश्नात काय मोजणार, कशाशी तुलना करणार आणि किती फरक पडला तर यश म्हणणार, या तीन गोष्टी हव्यात. "आंब्यासाठी आयओटी आधारित स्मार्ट प्रणाली" हे नुसतं नाव झालं. "फळ न कापता घेतलेल्या मोजमापांवरून साका असलेली फळं शंभरांतली किती ओळखता येतात आणि चांगली फळं किती चुकीने बाजूला पडतात?" हा प्रश्न झाला. प्रश्न असा आला की सायनॉप्सिस अर्धं लिहून झालंच.

मग वाचन. वीस पेपरांची नावं गोळा करण्यापेक्षा सहा पेपर पूर्ण वाचा आणि प्रत्येकासाठी वहीत चार ओळी लिहा: त्यांनी काय मोजलं, किती नमुने घेतले, कशाने मोजलं, काय सोडलं. "काय सोडलं" ही ओळ सगळ्यात उपयोगी, तुमची जागा तिथेच असते. चॅटबॉटकडून संदर्भांची यादी घेत असाल तर प्रत्येक पेपर स्वतः उघडून बघा. अस्तित्वातच नसलेले पेपर त्यात येतात आणि एक्स्टर्नलने त्यातला एक जरी शोधला तरी अख्ख्या ब्लॅक बुकवरचा विश्वास उडतो.

गट आणि गाईड

मैत्री आणि गट या वेगळ्या गोष्टी आहेत. चौघांत एक जण सर्किट-प्रोग्रामिंगचा, एक हाताने काम करणारा, एक लिहिणारा आणि एक माणसांशी बोलणारा हवा. चौघेही कोडिंगवाले असले तर बागायतदाराला फोन करायला कोणी तयार होत नाही. पहिल्याच आठवड्यात कोणाची जबाबदारी काय ते कागदावर लिहून चौघांनी सह्या करा. भांडण मार्चमध्ये होतं, तेव्हा हा कागद कामाला येतो.

गाईडकडे दर आठवड्याला ठरलेल्या वारी जा, काम झालं नसेल तरी जा. "सर, या आठवड्यात काही झालं नाही, कारण सेन्सर आला नाही," हे ऐकायला गाईडला वाईट वाटत नाही. तीन महिने गायब होऊन शेवटी सहीसाठी उभं राहिलेलं बघायला वाटतं.

सायनॉप्सिसच्या आधी कागदावरचा हिशोब

हे पाऊल बहुतेक गट गाळतात. बनवायची वस्तू चालेल का, हे अर्ध्या पानाच्या आकडेमोडीत आधीच कळतं.

समजा, आंबापोळीसाठी सोलर ड्रायर करायचा आहे. ५ किलो रस, त्यात ८० टक्के पाणी धरू. म्हणजे घन भाग १ किलो. पोळीत शेवटी १५ टक्के ओलावा ठेवायचा, तर पोळीचं वजन १ भागिले ०.८५, म्हणजे साधारण १.१८ किलो. उडवायचं पाणी ३.८२ किलो. एक किलो पाणी वाफ करायला ड्रायरच्या तापमानाला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात, म्हणजे एकूण ९.२ मेगाज्यूल. चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर ५ किलोवॉट-तास, म्हणजे १८ मेगाज्यूल ऊर्जा पडते असं धरा. साध्या ड्रायरची एकूण कार्यक्षमता २५ टक्के धरली तर हाती साडेचार मेगाज्यूल. म्हणजे एका दिवसात काम संपवायला दोन चौरस मीटर काच हवी, एक चौरस मीटर असेल तर दोन दिवस लागतील.

एका गटाने हा हिशोब न करता दीड फूट बाय दीड फुटाची पेटी बनवली होती, सुंदर, आतून काळा रंग दिलेली. तिचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर. ५ किलो रसाला तिने नऊ-दहा दिवस घेतले असते आणि तोवर रस आंबला असता. हिशोब केला असता तर त्याच पेटीत अर्धा किलो रस ठेवून उत्तम प्रयोग झाला असता.

सायनॉप्सिसमध्ये हा हिशोब जोडा. प्रश्न, आधी झालेलं काम, हिशोब, पद्धत, लागणारं सामान, महिनावार नियोजन, इतकं पुरे. प्रस्तावनेत देशाची अर्थव्यवस्था वगैरे आणू नका.

बांधणी: तीन शाखांतल्या तीन खाचा

सिव्हिलच्या मुलांनी कॅलेंडर सगळ्यांत कडक पाळायला हवं. जांभ्याची भुकटी वाळूच्या जागी वापरून काँक्रीट करायचं, हा आपल्याकडचा स्वाभाविक विषय, चिऱ्याच्या खाणीवर ती भुकटी ढिगाने पडलेली असते. आता मोजा. पाच मिश्रणं: ०, १०, २०, ३०, ४० टक्के. प्रत्येकाची ७ आणि २८ दिवसांची चाचणी. प्रत्येक चाचणीला काँक्रीटचे तीन ठोकळे, म्हणजे क्यूब. झाले तीस क्यूब. १५० मिमीचा एक क्यूब साधारण ८ किलोचा, म्हणजे अडीच क्विंटलच्या आसपास काँक्रीट. लॅबमध्ये मोकळे साचे सहाच असले तर पाच वेळा कास्टिंग, प्रत्येक वेळी चोवीस तासांनी साचे सोडवायचे. त्यावर २८ दिवस. एखादी खेप फसली तर महिना गेला. म्हणून पहिलं कास्टिंग दिवाळीच्या आधी झालंच पाहिजे. आणि ० टक्क्यांचं मिश्रण, म्हणजे साध्या वाळूचं, इतरांसारखंच तुम्ही स्वतः ओता. पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करून चालत नाही, तुमची वाळू, तुमचं सिमेंट, तुमची लॅब वेगळी आहे.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे खाचा सगळ्यांत जास्त. समजा, गावच्या वहाळावरच्या (ओढ्यावरच्या) साकवाला, म्हणजे छोट्या पुलाला, सेन्सर लावून पाण्याची पातळी मोजायची आहे. बहुतेक जण एचसी-एसआर०४ हा स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतात. तो आवाज सोडतो, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते सांगतो आणि त्यावरून अंतर काढायचं. नेटवरून घेतलेल्या कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो. तो २० अंश सेल्सिअसचा वेग. आपल्याकडे दुपारी ३२ अंश असतं तेव्हा तो ३५० च्या आसपास जातो. दोन मीटरच्या अंतरात हा फरक ४ सेंटीमीटरचा. म्हणजे पाणी न हलताही ग्राफ सकाळ-दुपार वर-खाली होणार. सोबत डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडला आणि आवाजाच्या वेगात प्रत्येक अंशाला सेकंदाला ०.६ मीटरची दुरुस्ती केली की काम भागतं.

पुढे, या सेन्सरची इको पिन ५ व्होल्ट देते आणि ते वाचणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला ३.३ च्या वर चालत नाही. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर घाला. सेन्सरचा झोत खाली पसरत जातो, दोन मीटरवर अर्ध्या मीटरच्या आसपास. साकवाच्या खांबाजवळ लावलात तर तो खांबच मोजतो. आणि मोकळा सेन्सर पहिल्याच पावसात भिजून मरतो. वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी घ्या, पण तो सुमारे वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं बघू शकत नाही, म्हणून पुराच्या सर्वांत वरच्या खुणेपेक्षा तेवढा वर बसवा.

हे सगळं करण्याआधी, अगदी पहिल्या दिवशी, साकवाच्या खांबावर ऑइल पेंटने सेंटीमीटरच्या खुणा करा. ग्रामपंचायतीला विचारून करा, ते नाही म्हणत नाहीत. रोज सकाळी आणि संध्याकाळी गटातला एक जण मोबाईलवर त्या खुणेचा फोटो काढेल. पंधरा दिवसांनी फोटोतले आकडे आणि सेन्सरचे आकडे शेजारी ठेवा. तुमचा सेन्सर किती खरं बोलतो हे त्यातून कळतं. व्हायवाच्या दिवशी सगळ्या वायरिंगपेक्षा हा एक तक्ता जास्त वजनदार ठरतो.

पावसाचं माप घरी करायचं असेल तर २० सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं घ्या. त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ मिमी पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. ३१४ मिलिलिटर मोजून सावकाश ओता, यंत्राने १० मिमी दाखवायला हवं. आता तेवढंच पाणी भरभर ओता. झुलत्या वाटीचं माप असेल तर ते कमी दाखवेल, कारण वाटी उलटेपर्यंत वरचं पाणी निसटतं. आपला पाऊस भरभर ओतणाराच असतो, तेव्हा ही चूक किती ते लिहून ठेवणं तुमचं काम.

खारा वारा हा आपला कायमचा शत्रू. ब्रेडबोर्ड फक्त टेबलावर. बाहेर जाणारं सर्किट झिरो पीसीबीवर सोल्डर करा. डबा आयपी६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा, वायरी खालून आत नेलेल्या आणि डब्याबाहेर थोड्या खाली लोंबत ठेवलेल्या, म्हणजे ओघळणारं पाणी आत न शिरता तिथून गळतं. आत सिलिका जेलची पुडी, ती दर पंधरवड्याला बदला. स्क्रू स्टेनलेसचेच.

वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात हे धरूनच चला. वायफाय चालू ठेवलेला ईएसपी३२ सरासरी १०० मिलिअँपिअर खातो असं धरलं तर २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल सव्वा दिवसही टिकत नाही. दर दहा मिनिटांनी दहा सेकंद जागा करून बाकी वेळ झोपवलात आणि झोपेतला खर्च नगण्य धरला, तर कागदावर तोच सेल दोन महिने जातो. सोलर पॅनेल लावलं तरी जुलैच्या ढगांत त्याच्यावर विसंबू नका. वाचन आधी मेमरी कार्डवर लिहा, मग पाठवायचं बघा. दरीत मोबाईलची रेंज नसेल तर लोरा (कमी विजेत लांबवर थोडा डेटा पाठवणारा रेडिओ) वापरा, भारतात त्यासाठी विनापरवाना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. स्वस्त दिसतं म्हणून ४३३ चं मॉड्यूल मागवू नका.

कॉम्प्युटरच्या मुलांनी फोटोवरून फळ ओळखणारं मॉडेल केलं की पहिल्या आठवड्यात ९५ टक्क्यांच्या वर अचूकता येते आणि गट खूश होतो. मी तेव्हा एकच विचारतो: एका फळाचे किती फोटो काढले? समजा, २०० फळं आणि प्रत्येकाचे चार फोटो, असे ८०० फोटो. कोडने ते सरमिसळ करून ८० टक्के शिकायला आणि २० टक्के परीक्षेला ठेवले. म्हणजे एकाच आंब्याची डावी बाजू शिकवणीत आणि उजवी परीक्षेत. मॉडेल त्या आंब्याच्या देठाजवळचा चिकाचा डाग पाठ करून बसतं. साका वगैरे त्याला काही कळलेलं नसतं. विभागणी फोटोंची न करता फळांची करा: १६० फळं शिकायला, ४० फळांचा एकही फोटो मॉडेलने आधी पाहिलेला नको. शक्य असेल तर ती ४० फळं दुसऱ्या बागेतली घ्या. अचूकता खाली येईल, पण तो आकडा तुमचा खरा असेल.

आणि नुसत्या अचूकतेवर थांबू नका. शंभरांत दहा फळं साक्याची असतील तर डोळे मिटून "सगळी चांगली" म्हणणारंही ९० टक्के बरोबर ठरतं. त्या दहांतली किती पकडली आणि चांगल्या नव्वदांतली किती उगाच बाजूला काढली, हे दोन आकडे वेगळे लिहा. काकांना हेच दोन हवे असतात. आणि खरं उत्तर कळायला प्रत्येक फळ शेवटी कापावंच लागतं, त्याला पर्याय नाही. २०० हापूस कापायचे म्हणजे खर्च आहे. तो आधीच धरा, आणि रस घरी न्या.

सामान आणि पैसा

इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आपल्याकडे सहज मिळत नाहीत. ऑनलाइन मागवा किंवा कोणी मुंबईला जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरून यादी देऊन आणा. प्रत्येक सेन्सर दोन घ्या. एक जळतोच आणि कुरियर पावसात आठवडा घेतं. बिलं जपा, विभागाकडून किंवा एखाद्या योजनेतून पैसे मिळाले तर ती लागतात. विद्यापीठाच्या आविष्कार या संशोधन स्पर्धेत भाग घ्यायचा असेल तर तारखा सातव्या सत्रातच विचारून ठेवा.

तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. घेऊ नका. चार वर्षांत स्वतःच्या हाताने एखादी गोष्ट पूर्ण करायची ही एकच संधी असते आणि ती काही हजारांत विकून टाकलेली बघताना मला फार वाईट वाटतं. नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न याच प्रोजेक्टवर येतो, हेही ध्यानात ठेवा.

कल्पना खरोखर नवी वाटत असेल आणि पेटंटचा विचार असेल, तर ती पेपरात किंवा प्रदर्शनात मांडायच्या आधी गाईडशी बोला. आधी जाहीर झालं की नावीन्य गेलं. प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज केला तर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात.

वही

दोनशे पानी, शिवलेली, पानांना क्रमांक घातलेली. दर दिवशी तारीख, हवा, काय केलं, काय आकडे आले, काय बिघडलं. चुकलेला आकडा खोडायचा नाही, त्यावर एक रेघ मारायची. आमच्या एका गटाचा लॅपटॉप आठव्या सत्रात बंद पडला आणि डेटा गेला. वहीत आकडे होते, म्हणून तीन दिवसांत सगळं पुन्हा उभं राहिलं. कोड गिटवर (कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर) ठेवा आणि रविवारी रात्री डेटा पेनड्राइव्हवर उतरवा.

ब्लॅक बुक

आपल्याकडे त्या काळ्या, सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगलाच प्रोजेक्ट समजण्याची सवय आहे. बाइंडिंगवाला दोन-तीन दिवस घेतो आणि एप्रिलमध्ये साऱ्या शाखांची मुलं एकदम त्याच्या दारात उभी असतात. त्याआधी आठवडाभर तुमची शेवटची प्रत गाईडच्या हातात असायला हवी.

लिहायला निष्कर्षांच्या तक्त्यांपासून आणि आलेखांपासून सुरुवात करा. ते समोर असले की पद्धतीचं प्रकरण आपोआप लिहिलं जातं, कारण हे आकडे कसे आले तेवढंच सांगायचं असतं. मग आधीचं काम, मग प्रस्तावना, सारांश सगळ्यात शेवटी. प्रत्येक आलेखाला अक्षांची नावं आणि एककं हवीत, आणि ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्समध्येही रेषा वेगळ्या कळल्या पाहिजेत. तापमान ३२.४७८१ असं लिहू नका, तुमचा सेन्सर अर्ध्या अंशाइतकाच अचूक आहे.

न जमलेलं लिहा. "जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डब्यात पाणी शिरलं, सहा दिवसांचा डेटा नाही" हे वाक्य वाचून कोणी गुण कापत नाही. ते सहा दिवस सरळ रेषेने जोडून दाखवलेत तर कापायला हवेत.

दुसऱ्याचा मजकूर उचलू नका. यूजीसीचे २०१८ चे नियम मुळात पदव्युत्तर आणि संशोधनाच्या प्रबंधांसाठी आहेत, पण त्यांतला दंडक ध्यानात ठेवा: १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला कारवाई नाही, त्यापुढे पायऱ्या चढत जातात. सॉफ्टवेअरला फसवण्यासाठी शब्द उलटेपालटे करण्यात जितका वेळ जातो, तितक्यात आपल्या वाक्यांत लिहून होतं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

व्हायवा

पंधरा-वीस मिनिटं मिळतात. पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न, मग तुमचं सर्वांत ठोस मोजमाप, मग वस्तू. पीपीटी दहा-बारा स्लाइडची. डेमो चालेल असं गृहीत धरू नका. साकवावरच्या खऱ्या जागेचा, खऱ्या पावसातला तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर तयार ठेवा.

एक्स्टर्नल साधे प्रश्न विचारतात आणि मुलं तिथेच अडकतात. हा रेझिस्टर २ किलोओहमचाच का? नमुने इतकेच का? हा भाग कोणी केला? हे न करता साध्या पद्धतीने झालं नसतं का? आदल्या आठवड्यात चौघांनी आपापले भाग अदलाबदल करून एकमेकांना शिकवा, म्हणजे सर्किटवाल्याला मोजमापाचा आणि लिहिणाऱ्याला कोडचा प्रश्न आला तरी तोंड उघडता येतं. उत्तर येत नसेल तर "हे आम्ही तपासलं नाही" असं सांगा.

व्हायवा झाली की दुसऱ्याच दिवशी मुलं घरी पळतात. त्याआधी दोन कामं करा. सगळा डेटा, कोड, सर्किटचं चित्र आणि सेन्सर कुठून घेतले त्याची यादी एका फोल्डरमध्ये घालून विभागात द्या, पुढच्या जूनमध्ये दुसरा गट तिथून सुरुवात करेल. आणि ज्यांच्या बागेत, साकवावर, कारखान्यात वर्षभर गेलात त्यांच्याकडे चौघांनी मिळून जा. मिळालेले आकडे एका पानावर मराठीत छापून द्या, आणि बसवलेला डबा पाऊस लागायच्या आत काढून आणा किंवा तो चालवायला कोणाला तरी नीट शिकवून या.